हडपसरचं वळण

ही हकिगत लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं की तर्री पोह्यांची, हुरड्याची आणि फातिमानगरच्या पंक्चरची गंमत सांगायचो. लोक हसायचे आणि मी सुटायचो. ती गंमत खोटी नव्हती. पण ती जिथे संपवायचो तिथून पुढचं कुणालाही सांगितलेलं नाही. वय झालं आहे, आता सांगून टाकतो.

प्रवास सात दिवसांचा होता आणि सगळाच्या सगळा पुणे शहराच्या हद्दीतला. हसू नका. आमच्याकडची माणसं सिंगापूरला जाऊन येतात, तिथल्या बागांचे फोटो दाखवतात, आणि हडपसरला काय आहे म्हणून विचारलं तर म्हणतात, ‘फार लांब आहे हो ते.’ मी त्यांतलाच. नारायण पेठेत जन्म, तिथेच शाळा, तिथेच संसार. नोकरी भूमापन खात्यात झाली, त्यामुळे जिल्ह्यातले बांध पायाखालून गेले. पण शहराचं पूर्वेचं टोक म्हणजे कुणाच्या लग्नाला स्कूटरवरून जायचं, जेवायचं आणि पंगत उठली की परत फिरायचं, एवढीच ओळख.

खरा प्रवासी नाना. नाना आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तो धायरीहून सायकलने यायचा. तेव्हा धायरी गाव होतं, मध्ये सगळी शेतं. मी समोरच्या गल्लीतून चालत यायचो आणि तरी त्याच्यानंतर पोचायचो. पुढे तो हडपसरच्या एका कारखान्यात लागला आणि निवृत्त होईपर्यंत धायरी ते हडपसर, हडपसर ते धायरी, रोज सायकलनेच गेला. बाकीच्यांनी स्कूटरी घेतल्या, मोटारी घेतल्या. नानाने फक्त सीट बदललं.

सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस त्याची सून प्राजक्ता मोबाईलवर काहीतरी वाचत होती. सत्तरीपुढच्या सायकलस्वाराने एकाच शहराच्या हद्दीत, सात दिवसांत कापलेलं सर्वांत जास्त अंतर, असा एक विक्रम असतो आणि तो दक्षिणेतल्या एका गृहस्थांच्या नावावर आहे, असं तिने सहज वाचून दाखवलं. नानाने तो आकडा दोनदा विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात उभा.

“सदा, हे आपल्याला जमतंय.”

“नाना, या वयात लोक नातवंडांना फिरवतात.”

“अरे, मी जन्मभर हेच केलं की. फक्त कुणी मोजलं न्हाई.” मग जरा थांबून म्हणाला, “एकदा तरी कुणीतरी मोजू दे. आणि मोजायचं तर तुझ्याशिवाय कोण?”

त्याला पेपरात नाव नको होतं, बक्षीस तर नव्हतंच. त्याला मोजून घ्यायचं होतं. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मी ते विसरलो.

मोजणीचा रविवार

विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा नियम साधा होता. फेरीचा मार्ग आधी एकदा मोजायचा, मोजणाऱ्याने सहीनिशी ते अंतर कळवायचं आणि मग पुऱ्या झालेल्या फेऱ्यांना त्याने गुणायचं. शेवटची फेरी अपुरी राहिली तर सूर्यास्ताला सायकल जिथे असेल तिथपर्यंत धरायची. सायकल चालवायची ती फक्त उजेडात. मनगटावरची आणि मोबाईलमधली यंत्रं पुलाखाली भरकटतात, म्हणून ती चालणार नाहीत. हा शेवटचा नियम वाचून मला फार बरं वाटलं होतं.

मार्ग नानानेच ठरवला. नारायण पेठेतून स्वारगेट, तिथून सोलापूर रस्त्याने हडपसर, वळून परत स्वारगेट, मग सिंहगड रस्त्याने धायरी, आणि धायरीहून दांडेकर पुलावरून पुन्हा पेठेत. “शाळा, कारखाना, घर,” तो म्हणाला. “चौथ्या ठिकाणी मी कधी गेलोच न्हाई.”

मी माझ्या जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणीचं यंत्र बसवलं. आधी फीत टाकून एक सरळ पट्टा मोजला, त्यावरून यंत्र तपासलं, हवा तपासली, पुन्हा यंत्र तपासलं. असलं काम मी मन लावून करतो. एका रविवारी पहाटे निघालो. थंडी होती, रस्ते मोकळे होते. हडपसरला गाडीतळापाशी वळलो, धायरीला नानाच्या घरी सुमनवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातचा चहा घेतला आणि उन्हं चढायच्या आत पेठेत परत. अंतर लिहून, सही करून पाठवून दिलं. माझ्या सहीवर भावाभावांनी भांडणं मिटवलेली आहेत. तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नसे, मीसुद्धा.

नारायण पेठ

पहिल्या दिवशी फेरी सुरू होते त्या कोपऱ्यावर आम्ही एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. समोर छत्र्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांनी नानाची दुसरी फेरी पुरी होईपर्यंत कळ काढली आणि मग विचारलं, “हे गृहस्थ जाणार कुठे आहेत?”

“हडपसर, धायरी करून परत इथेच.”

“इथेच यायचंय?”

“हो.”

“मग गेले कशाला?”

पेठेत आम्हाला हाच प्रश्न सात दिवस विचारला गेला. कशासाठी? कुणी वाईट मनाने विचारत नव्हतं. कारण कळल्याशिवाय कौतुक करायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. तिसऱ्या दिवसापासून मात्र तेच छत्रीवाले नाना दिसला की दुकानातून बाहेर येऊन वाटेतल्या स्कूटरी बाजूला सारायला लागले. “अहो, दिसत नाही का? मोजणी चालू आहे,” असं लोकांना दरडावायचे. उन्हाळ्यातल्या छत्र्यांसारखे थंड असलेले ते गृहस्थ शेवटच्या दिवशी नानाला स्वतःहून म्हणाले, “पाणी देऊ का?” पेठेच्या हिशेबात हा सत्कारच.

नानाची चाल बघण्यासारखी होती. घाई नाही. कंबर ताठ, गुडघे जवळ, एका लयीत. कॉलेजची मुलं गिअरच्या सायकलींवरून शेजारून सूं करून जायची आणि पुढच्या सिग्नलला नाना त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. एकाने विचारलं, “अंकल, सीक्रेट काय आहे?”

“ब्रेक कमी लावायचे,” नाना म्हणाला. “त्यासाठी लांब बघायचं.”

पहिल्याच दिवशी फातिमानगरला पंक्चर झालं. दुकानदार दुपारचं जेवायला गेलेला. पेठेत असतं तर आम्ही दुकान उघडायची वाट बघत बसलो असतो, पण शेजारच्या फळवाल्या बाईंनी स्वतःच दुकानाचं फळकूट सरकवलं, आतून टायर उचकटायच्या पट्ट्या काढल्या आणि म्हणाल्या, “लावा तुमचं तुम्ही. तो आला की सांगते मी.” नाना उकिडवा बसून पंक्चर काढत होता आणि त्या बाई त्याला पेरू कापून भरवत होत्या, तिखट-मीठ लावून. मी मदत करतो म्हणालो तर मला म्हणाल्या, “तुम्ही नका हात घाण करू, तुम्ही साहेब दिसताय.” नाना हसून हसून मागे कलंडला.

हडपसर

मी काही फेऱ्यांना स्कूटरवरून नानाच्या मागे जायचो. एवढ्या संथपणे मी सोलापूर रस्ता कधी पाहिला नव्हता. रेसकोर्सची झाडं, मग उड्डाणपूल, मग कारखान्यांच्या जुन्या भिंती आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती. नाना एकेक फाटक दाखवत जायचा. “हितं आमची पाळी सुटायची. सायकलींचा नुसता लोंढा. घंट्यांचा आवाज पार वैदूवाडीपर्यंत.” आता तिथून गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलंमुली बाहेर पडत होती, कानात गाणी, हातात कॉफी. प्राजक्ताचं ऑफिस त्यांतल्याच एका इमारतीत. ती हडपसरच्या टोकाला साक्षीदार म्हणून यायची. कामावर जायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर. मधल्या फेऱ्यांना तिच्या मैत्रिणी पाळीपाळीने उभ्या राहायच्या.

परतीच्या बाजूला, गाडीतळाच्या जरा अलीकडे, यवतमाळकडच्या एका जोडप्याची पोह्यांची गाडी होती. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री. मला पोहे म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड एवढंच माहीत. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं.

“तिखट झालं का जी?” गाडीवरची बाई, वर्षा नाव तिचं, काळजीने म्हणाली.

“नाही, नाही. छान आहे,” मी नाक पुसत म्हणालो.

“त्यांच्यात पोह्यात साखर टाकतेत,” नाना तिला म्हणाला.

“पोह्यात?” ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “आयकलं का? साखर म्हणते!” आणि दोघं माझ्याकडे अशा मायेने बघायला लागली, जसं काही मला लहानपणी कुणी जेवायलाच घातलं नव्हतं.

हडपसरला लोक ‘कशासाठी’ विचारत नव्हते. तिथे विचारायचे, “कुठपर्यंत?” सगळी बाहेरून आलेली माणसं. यवतमाळ, वाशीम, लातूर. प्रत्येक जण कुठून तरी कुठपर्यंत तरी आलेला. सायकलवरचा म्हातारा दिसला की त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असे, की याला अजून किती जायचं आहे.

त्या गाडीपाशी रोज एक गंमत व्हायची. मी नानाच्या मागे असायचो, पण पोह्यांच्या गाडीशी त्याच्या आधी पोचायचो. गाडीतळाच्या गर्दीत तो दिसेनासा व्हायचा, मी येऊन स्कूटर लावायचो, वर्षा बशी पुसायला घ्यायची, आणि मग बऱ्याच वेळाने नाना पलीकडून येताना दिसायचा.

“काय रे, वाटेत झोपलास काय?” मी ओरडायचो.

“वळून यायला वेळ लागणारच की,” तो घाम पुसत म्हणायचा. “तू पडशील एक दिवस.”

मी हसायचो. वर्षाही हसायची. या हसण्याचं मला आता काय करावं ते कळत नाही.

धायरी

धायरीत तिसराच प्रश्न. “जेवला का?” फेरी कितवी, विक्रम कसला, याच्याशी कुणाला देणं-घेणं नव्हतं. जेवला का, हे मात्र गल्लीच्या तोंडापासून विचारत यायचे. इमारती उठल्या, शेतं गेली, पण तिथल्या जुन्या घरांतली माणसं अजून रस्त्याशी बोलतात. आमच्याकडे दार उघडायच्या आधी आतून ‘कोण’ म्हणून विचारतात. तिथे दारं उघडीच.

नानाच्या भाऊबंदांची बहुतेक जमीन बिल्डरांकडे गेली होती. दोन इमारतींच्या मध्ये एक पट्टी मात्र त्याने हट्टाने ठेवली होती, आणि तिच्यात ज्वारी. चौथ्या दिवशी सकाळच्या फेरीला सुमनवहिनींनी आम्हाला तिथेच थांबवलं. शेणीच्या आरावर कणसं भाजून, हातावर चोळून, गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी. वरच्या मजल्यांवरून लोक गॅलरीत येऊन धूर कसला म्हणून बघत होते. वहिनींनी खालूनच हाक मारली, “या की खाली! खायला या!” आणि लोक आले. शेजारी राहून एकमेकांची नावं माहीत नसलेली माणसं वाकून कणसं चोळत बसली.

“तुझा वेळ जातोय, नाना,” मी म्हणालो.

“जाऊ दे. वेळ सायकलीवर काढीन भरून.”

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भावजी, रात्री पाय चेपताना बघते मी. पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. बोलत नाहीत. पण हे झालं पाहिजे हो. रिटायर झाल्यापासून म्हणतात, आपण आयुष्यभर नुसते गेलो आणि आलो. त्यात काय केलं?”

मी म्हणालो, “वहिनी, होईल.”

त्या दिवशी प्राजक्ताने आपलं घड्याळ नानाच्या मनगटावर बांधलं होतं, त्याची नाडी बघायला म्हणून. संध्याकाळी ती जरा चाचरतच माझ्याजवळ आली.

“काका, एक विचारू? माझ्या वॉचवर प्रत्येक लॅप तुमच्या फिगरपेक्षा मोठा येतोय.”

“यंत्रं पुलाखाली भरकटतात. म्हणून तर नियम आहे.”

“ते ओके आहे. पण प्रत्येक वेळी सेमच जास्त येतंय. सेम म्हणजे अगदी सेम.”

दिवसभर मी उन्हात उभा होतो आणि मला पोरीबाळींनी शिकवलेलं आवडत नाही. “प्राजक्ता,” मी म्हणालो, “मी माप टाकलं तेव्हा हातघाईवर आलेली माणसं काठ्या खाली ठेवून घरी गेली आहेत. तुझ्या घड्याळाला विचारून मोजायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.”

नाना पायरीवर बसून बूट काढत होता. तो म्हणाला, “अगं, सदाचं माप म्हणजे माप. त्याच्यापुढं घड्याळ नको काढत जाऊ.”

जे यंत्र भरकटतं ते दर वेळी तेवढंच भरकटत नाही. दर वेळी सारखाच फरक आला तर चूक मूळ मापात शोधायची, हे मी खात्यातल्या नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवत असे.

शेवटचा दिवस, सिंहगड रस्ता

सहाव्या दिवशी नानाला ताप भरल्यासारखा झाला आणि दुपारच्या दोन फेऱ्या हळू झाल्या. सातव्या दिवशी तो उजाडताच निघाला. दुपारपर्यंत हिशेब असा होता, की शेवटची फेरी दांडेकर पुलापर्यंत आली तरी विक्रम मोडतो. पेठेत टेबलाभोवती गर्दी जमली. छत्रीवाल्यांनी दुकान बंद ठेवलं, दुपारी एकच्या पुढेसुद्धा ते तिथेच होते. यापेक्षा जास्त मी काही सांगायची गरज नाही.

धायरीहून शेवटचा निघाला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. मी स्कूटरवर त्याच्या मागे, माझ्या मागे प्राजक्ता. वडगावपर्यंत त्याची लय बरी होती. पुढे रस्त्याचं काम, त्यात एक वरात. घोडा, बेंजो, ट्रॅक्टरवरचे दिवे. नाना उतरला नाही. इंचाइंचाने पुढे सरकत होता. वरातीतल्या कुणीतरी ओळखलं असावं, दोन-तीन पोरं पुढे होऊन “आजोबांना जाऊ द्या, आजोबांना जाऊ द्या” म्हणून वाट करायला लागली. नवरदेवाने घोड्यावरून नमस्कार केला.

गर्दीतून सुटल्यावर नाना सीटवरून उठला आणि उभ्याने पायडल मारायला लागला. मी त्याला तसं शाळेनंतर कधी पाहिलं नव्हतं.

विठ्ठलवाडीपाशी माझ्या घड्याळात सूर्यास्ताची वेळ झाली. मी स्कूटर त्याच्या शेजारी घेतली.

“नाना, थांब.”

त्याने एक पाय टेकला. छाती भात्यासारखी हलत होती. “किती राहिलं?”

“दांडेकर पूल.”

त्याने पुढे बघितलं, दिव्यांच्या ओळीकडे. “एवढंच?” तो म्हणाला, आणि हसला.

प्राजक्ता रडकुंडीला आली. “काका, प्लीज. दांडेकर पूल लिहा ना. पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न आहे. कोण बघतंय?”

“मी बघतोय,” मी म्हणालो.

“बरोबर आहे त्याचं,” नाना म्हणाला आणि हँडलवर डोकं टेकून उभा राहिला.

माझ्या त्या दोन शब्दांचा मला किती अभिमान वाटला होता, ते सांगायला आज लाज वाटते. पेठेत गेल्यावर प्राजक्ताने रागारागाने ते सगळ्यांना सांगितलं, आणि पेठेतल्या लोकांनी ते मान हलवत ऐकलं. नाना हरला याचं त्यांना वाईट वाटलं. पण मापात सवलत मिळाली नाही, हे त्यांना जास्त आवडलं.

रिक्षा

पुढच्या महिन्यात हडपसरला एक मुंज होती. स्कूटर दुरुस्तीला दिलेली, म्हणून रिक्षा केली. गाडीतळ आलं, मागे पडलं, आणि रिक्षा सरळ पुढेच निघाली.

“अहो, वळायचं मागे राहिलं!” मी ओरडलो.

“कुठं?”

“तिथे. गाडीतळापाशी. सगळे वळतात की.”

“त्या फटीतनं?” रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला. “काका, ती स्कूटरवाल्यांनी दुभाजकाचे दोन ठोकळे सरकवून केलेली फट हाय. रिक्षा कशी घुसंल त्यातनं? खरं वळण फुडं हाय.”

रिक्षा पुढे जात राहिली. दुकानं गेली, पेट्रोल पंप गेला, एक मंगल कार्यालय गेलं. मग कुठे वळण आलं. वळून आम्ही पुन्हा तेवढाच रस्ता मागे आलो. माझ्या हातात आहेराचं पाकीट होतं. ते ओलं झालं.

मोजणीच्या रविवारी मी त्या फटीतून वळलो होतो. मुद्दाम नव्हे. इतकी वर्षं स्कूटरवरून तिथूनच वळत आलो, त्यामुळे ती फट आहे हेच मला दिसेनासं झालं होतं. माझ्या दृष्टीने तोच रस्ता होता. शेताच्या बांधावर एक पाऊल इकडे-तिकडे पडलं तर पुन्हा साखळी टाकणारा मी. आणि नाना? त्याच फटीपाशी त्याच्या पाळीतला एक माणूस ट्रकखाली गेला होता. तेव्हापासून तो एकदाही तिथून वळला नव्हता. प्रत्येक फेरीला तो पुढे जाऊन, खऱ्या वळणावरून वळून आला होता, आणि तेवढं अंतर माझ्या मापात नव्हतं. सात दिवसांच्या सगळ्या फेऱ्या धरल्या, तर विठ्ठलवाडी ते दांडेकर पूल हे अंतर त्यापुढे काहीच नव्हतं. शेवटच्या दिवशी नाना वरातीतून वाट काढत होता, तेव्हा विक्रम कधीच मोडलेला होता.

मुंजीत मी जेवलो की नाही, आठवत नाही.

संस्थेकडे फेरमोजणी मागायला अजून मुदत होती. एक फोन केला असता तरी पुरे होतं. मी स्वतःला सांगितलं, आधी पुन्हा मोजून खात्री करू. मग म्हणालो, थंडी कमी होऊ दे. तेवढ्यात पेठेतल्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. मित्रासाठीसुद्धा मापात सूट दिली नाही म्हणून. नानाचा नाही, माझा.

सत्काराला जाताना ठरवलं होतं, की तिथेच सांगायचं. सगळ्यांसमोर सांगितलं की परत फिरता येणार नाही. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. अध्यक्षांनी नानाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो इस्त्रीच्या सदऱ्यात आला होता, वहिनींना घेऊन. म्हणाला, “मला भाषण येत न्हाई. मी हरलो. पण मोजणारा असा होता, की हरल्याचं दुःख न्हाई.” आणि सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या त्यानेच वाजवल्या.

मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, “मी माझं काम केलं.” आणि खाली बसलो.

मुदत संपली.

त्यानंतर नानाने सायकल काढणं कमी केलं, मग सोडलं. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “पाय संपले रे. सात दिवसांत कळलं. आता बस बरी.” ती सायकल हुरड्याच्या पट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. नंतर पट्टीही गेली.

आता अलीकडे मी त्या संस्थेला सगळं खरं कळवलं. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मुदत उलटून वर्षं झाली, रस्ताही बदलला, ती फट सिमेंटने बंद झाली, आता पुन्हा मोजता येणार नाही. त्यांच्या दप्तरी नाना हरलेलाच राहील. म्हणून हे इथे लिहितो आहे. सत्तरीच्या पुढे, एका शहरात, सात दिवसांत सर्वांत जास्त सायकल त्या वर्षी माझ्या मित्राने चालवली.

पुन्हा धायरी

नाना आजारी पडल्यावर मी बसने जात असे. प्रत्येक वेळी बसमध्ये वाक्यं जुळवायचो आणि धायरी फाट्यावर उतरलो की ती सुटी व्हायची. शेवटच्या वेळी मात्र ती पक्की होती. वहिनी आत होत्या. नाना खाटेवर उशीला टेकून बसला होता, फार वाळला होता. हात पुढे करून म्हणाला, “ये, मोजणीदार.”

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. “नाना, एक सांगायचंय तुला.”

“सांग की.” आणि मग मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “सदा, एक बरं झालं बघ. तू मोजलंस. दुसऱ्या कुणी मोजलं असतं ना, तर मी मरेपर्यंत म्हणत राहिलो असतो, कुठंतरी चुकलं असंल. तू होतास म्हणून मनात कधी शंका आली न्हाई. झोप लागली मला.”

मी त्याच्या पायांकडे बघत बसलो. चादरीखाली ते अगदी बारीक दिसत होते.

“काय सांगणार होतास?”

“काही नाही,” मी म्हणालो. “बस आता लवकर सुटते, तेच.”

“मग नीघ. पण चहा घेऊन जा.”

मी चहा घेतला आणि निघालो. त्याच आठवड्यात प्राजक्ताचा फोन आला.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं अजून तशीच पाठ आहेत. ती अशी होती: नाना, मी चुकलो. हडपसरला मी फटीतून वळलो आणि तू नियमाने पुढे जाऊन वळलास. मला ते कळलं तेव्हा वेळ होती, तरी मी बोललो नाही. तू हरला नव्हतास. तुझे पाय संपले नव्हते, माझं माप कमी पडलं. मला माफ कर.